वेशीबाहेरचा उकिरडा

पूर्वी प्रत्येक शेतकऱ्याच्या घरामागे उकिरडा असे. गोठ्यातले शेण, चुलीतली राख, भाजीचे देठ, झाडाचा पाला, सारे काही तेथे जाई. त्यावरून एक पावसाळा जाई. मग उन्हाळ्यात तो उकरून गाडीने शेतात नेत. तो उकिरडा म्हणजे घाण नव्हे. ती शेतकऱ्याची ठेव होती. उकिरड्याची दैनासुद्धा बारा वर्षांनी फिटते, अशी म्हणच आहे.

आता वेशीबाहेर जो ढीग दिसतो, त्याची दैना बारा वर्षांनीच काय, आपल्या नातवंडांच्या हयातीतही फिटणार नाही. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या आहेत, गुटख्याच्या पुड्या आहेत, फुटक्या बाटल्या आहेत, थर्माकोल आहे. कोंबडीची पिसे आहेत. जुनी औषधे आणि सुया आहेत. घर पाडल्यावर उरलेला राडारोडा आहे. शेण आणि पाला कुजतात. प्लास्टिक कुजत नाही. ते फाटते, त्याचे तुकडे होतात, आणि ते तुकडे मातीत, पाण्यात जातात.

हा ढीग एका दिवसात होत नाही. एखाद्या रात्री कोणीतरी गाडीवरून जाता जाता एक पिशवी फेकतो. जागा अशी असते की तेथे दिवा नसतो आणि घरही नसते. ओढ्याचा पूल, रस्त्याचे वळण, पडीक जमीन, स्मशानाची वाट. ती पिशवी कोणी उचलत नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा माणस म्हणतो, "इथे टाकतातच की!" आठ दिवसांत तेथे वीस पिशव्या होतात. मग खानावळवाला येतो, चिकनच्या दुकानाचा टेंपो येतो. शेवटी रात्री राडारोड्याचा ट्रॅक्टर येतो. महिन्यापूर्वी जो नुसता पूल होता, त्याला आता गाव 'कचऱ्याचा पूल' म्हणू लागते. जागेला एकदा असे नाव पडले, की मग कोणाला लाजसुद्धा वाटत नाही.

त्रास मात्र टाकणाऱ्याला होत नाही. तो शेजारच्या शेतकऱ्याला होतो. पावसाचे पाणी ढिगातून झिरपते. ते काळे पाणी जमिनीत उतरते आणि विहिरीला लागते. गाई पिशवीसकट शिळे अन्न खातात. ती पिशवी पोटातून बाहेर पडत नाही. गुरांच्या डॉक्टरांनी गाईचे पोट फाडून कित्येक किलो प्लास्टिक काढलेले आहे. ढिगावर भटकी कुत्री जमतात आणि शाळेच्या पोरांच्या मागे लागतात. जुन्या टायरांत आणि नारळाच्या करवंट्यांत पाणी साचते. त्यात डेंग्यूचा डास होतो. आणि कोणी ढिगाला काडी लावली, तर प्लास्टिकचा विषारी धूर घराघरांत शिरतो. काडी लावणाऱ्याला वाटते, आपण सफाई केली!

समजा, ग्रामसभा भरली आहे. सरपंच एक बाई आहेत. ओढ्याकाठचा एक म्हातारा शेतकरी उभा राहतो.

"सरपंचताई, माझ्या बांधाला लागून गावाचा कचरा पडतो. गेल्या उन्हाळ्यापासून विहिरीच्या पाण्याला वास येतो. आम्ही पिण्याचं पाणी लांबून आणतो. आमचा काय गुन्हा?"

"काका, तिथं बोर्ड लावलाय ना, कचरा टाकू नये म्हणून."

"बोर्डाच्या खालीच टाकत्यात, ताई."

लोक हसतात. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून एक जण बोलते:

"टाकायचा कुठं, ते बी सांगा की! माझ्या दोन खोल्या, सहा माणसं. अंगण न्हाई, परसू न्हाई. शिळंपाकं अन् पोराचं डायपर घरात किती दिस ठिवू? ट्रॅक्टर आमच्या गल्लीत येतच न्हाई."

सभा गप्प होते. कारण ही बाई खरे बोलली. 'येथे कचरा टाकू नये' असे लिहिणे सोपे. 'मग कोठे टाकावा' हे पंचायतीने सांगितलेच नाही. सांगितले नाही, तर लोक आपली जागा आपणच शोधतात, आणि ती नेहमी दुसऱ्याच्या बांधाला लागून असते.

सरपंचताई म्हणतात, "मावशी, पटतं मला. पण गाडीला, माणसांना पैसे कुठून आणू? पंचायतीच्या पेटीत काय आहे?"

पैसे नाहीत, हे उत्तर पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. म्हणून रतलामची हकिगत येथे सांगतो.

रतलाम हे मध्य प्रदेशातले शहर. तेथे न्यू रोड नावाचा भाग आहे. तेथील रहिवासी घाणीने त्रासून गेले होते. गटारे उघडी वाहत. गरीब वस्तीला संडास नव्हते, म्हणून लोक रस्त्याकडेला बसत. दारूच्या कारखान्याचे घाण पाणीही तेथूनच वाहत असे. डासांना तर सुमार नव्हता. लोकांनी नगरपालिकेला सांगून पाहिले. काही झाले नाही. मग ते दंडाधिकाऱ्याकडे गेले. लोकांना उपद्रव होत असेल तर तो दूर करण्याचा हुकूम दंडाधिकारी देऊ शकतो, असे फौजदारी कायद्यातच कलम होते. दंडाधिकाऱ्याने हुकूम दिला: नगरपालिकेने योजना करावी आणि घाण दूर करावी.

नगरपालिकेने काय करावे? गटारे बांधायची सोडून ती वर अपिलात गेली! तेथे तिच्यासारखा निकाल लागला. मग उच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्याचा हुकूम पुन्हा कायम केला. नगरपालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. म्हणाली, आमच्याकडे पैसाच नाही. १९८० साली निकाल लागला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो लिहिला. त्याचा अर्थ साध्या भाषेत असा: लोकांच्या आरोग्याची काळजी घेण्यासाठीच नगरपालिका असते. पैसा नाही असे सांगून तिला ते काम टाळता येणार नाही. पैसा कमी पडत असेल तर तिने सरकारकडे मागावा, पण घाण काढावी.

त्या वेळचा फौजदारी प्रक्रियेचा कायदा आता बदलला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. उपद्रव दूर करण्याचे ते कलम तिच्यातही आहे. त्याचा क्रमांक १५२. आपल्याकडे त्यासाठी प्रांतसाहेबांकडे अर्ज करता येतो. पण ती शेवटची पायरी समजावी. आपल्याच पंचायतीशी भांडत कोर्टाची पायरी चढण्यात वर्षे जातात. रतलामच्या लोकांचीही गेली.

खेड्यातली सफाई हे ग्रामपंचायतीचे काम आहे, असे १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. शहरासाठी १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा आहे. पुढे १९९२ साली घटना दुरुस्त झाली, आणि सफाई व कचरा ही कामे स्थानिक संस्थांच्या यादीत घटनेतच लिहिली गेली. पैशाचेही असेच. २०२१ ते २०२६ या काळात पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे ग्रामपंचायतींना मिळाले. त्यांतले शंभरापैकी साठ रुपये पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखून ठेवलेले होते. आपल्या गावाने ते कशावर खर्च केले, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक गावकऱ्याला आहे.

आता ढीग बंद कसा करायचा ते पाहू. बहुतेक पंचायती येथे उलटीकडून सुरुवात करतात. आधी बोर्ड लावतात, मग दंड जाहीर करतात, आणि गाडीचे नाव सगळ्यांत शेवटी. मग कोणी दंड भरत नाही, आणि वर भांडण होते ते वेगळेच. दंडाच्या आधी घंटा वाजली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

घंटा म्हणजे घंटागाडी. ती रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या गल्लीत आली पाहिजे. बाया शेतावर सातला जात असतील, तर गाडी नऊला येऊन उपयोग नाही. गल्ली अरुंद असेल, तर ट्रॅक्टर कसा शिरणार? तेथे हातगाडी किंवा तीन चाकी सायकल हवी. हे लहानसे वाटते, पण ढीग वाढतो तो याच लहानशा गोष्टींमुळे. एखाद्या पंचायतीने ढिगाच्या जागेवर उभे राहून एवढेच विचारावे की हा कचरा कोणत्या गल्लीतून येतो, आणि त्या गल्लीत गाडी कधी जाते. अर्धे उत्तर तेथेच मिळते.

घरोघरचा कचरा घेतानाच तो वेगळा घ्यावा. केंद्र सरकारने २०१६ साली नगरपालिकांसाठी जे नियम केले, त्यांत तीन भाग सांगितले होते. २०२६ साली त्यांच्या जागी नवे नियम आले आणि भाग चार झाले. भाजीचे देठ, खरकटे असा ओला. कागद, प्लास्टिक, काच असा सुका. डायपर आणि पॅड यांचा तिसरा. आणि औषधे, रंगाचे डबे, बल्ब यांचा चौथा. घरातल्या बाईला चार डबे म्हणजे डोकेदुखी वाटेल. निदान ओला आणि सुका यांपासून तरी सुरुवात करावी. कारण ढिगाला वास सुटतो तो ओल्यामुळे, आणि कुत्री, गुरे जमतात तीही ओल्यासाठीच.

ओल्याचे खत गावातच होते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी खताच्या टाकीची एक सोपी रीत काढली. त्यांच्याच नावावरून तिला 'नाडेप' म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे विटांचे टाके बांधायचे. भिंतीत हवेसाठी भोके ठेवायची. पालापाचोळा, शेणकाला आणि माती यांचे थर देत टाके भरायचे आणि वरून लिंपून घ्यायचे. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. म्हणजे आपल्या जुन्या उकिरड्यालाच विटांचे अंगरखे घातले म्हणा ना!

दुकानदारांचे गणित निराळे. चिकनचे दुकान, खानावळ, मंगल कार्यालय, यांचा कचरा घंटागाडीत मावत नाही. म्हणून तो रात्री पुलाखाली जातो. पंचायतीने यांची यादी करावी. दुकानाचा दाखला देताना किंवा कर घेताना विचारावे, "तुमचा कचरा रोज कोण नेतो?" उत्तर नसेल तर पैसे घेऊन वेगळी गाडी द्यावी. राडारोड्याचेही तसेच. घर बांधायची परवानगी देताना जुन्या विटामाती कोठे टाकायच्या, ती जागा पंचायतीनेच दाखवावी. खड्डे बुजवायला, रस्त्याच्या भरावाला ती माती उपयोगी पडते. जागा दाखवली नाही, तर ट्रॅक्टरवाला ओढा शोधतो. त्याला दोष देण्याआधी हे पाहावे.

एवढे झाले की मग ढीग उचलावा. अर्धा उचलून चालत नाही. थोडा जरी राहिला, तरी पुन्हा पिशवी पडते. जागा पार खरवडून काढावी. दिवा लावावा. गाडी आत जाऊ नये म्हणून चर खणावा किंवा दगड रोवावेत. बाग करावी, पोरांना खेळायला जागा करावी, बाक ठेवावा. माणसांचा वावर वाढला की टाकणाऱ्याचा हात आखडतो. पहिले महिनाभर पहाटे आणि रात्री कोणीतरी तेथे उभे राहिलेच पाहिजे. काही गावांत शिपाई उभा राहतो, काही गावांत बचत गटाच्या बाया उभ्या राहतात. बाया उभ्या राहिल्या की काम लवकर होते, कारण गावात कोण कोणाचा, हे त्यांना ठाऊक असते.

आता दंड. २०१६ च्या नियमांनीच नगरपालिकांना उपविधी करून जागच्या जागी दंड घेण्याचा मार्ग दाखविला. काही ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत ठराव करून दंड ठरविले आहेत. दंड सर्वांना सारखा लागला पाहिजे. झोपडीतल्या बाईला शंभर रुपये आणि सदस्याच्या भावाच्या टेंपोला सलाम, असे एकदा झाले की त्या दंडाला कोणी भीक घालत नाही. टाकणारा सापडत नाही, असेही म्हणतात. पण पिशवी उघडून पाहिली तर विजेचे बिल, औषधाची चिठ्ठी, पार्सलवरचे नाव असे काहीतरी निघते. अशा माणसाला आधी घरी जाऊन समजवावे. पुष्कळदा तेवढ्याने काम होते. पुन्हा केले तर पावती फाडावी.

मन लावून काम केले तर काय होते, हे सुरतेने दाखविले. आपल्या खानदेशातली पुष्कळ माणसे पोटासाठी सुरतेला आहेत. १९९४ साली पूर ओसरल्यावर तेथे घाण साचली आणि प्लेगची साथ आली. लाखो लोक मिळेल त्या गाडीने पळाले. १९९५ साली एस. आर. राव हे तेथे आयुक्त झाले. त्यांनी अधिकाऱ्यांना सकाळी कचेरीत बसू दिले नाही. रोज रस्त्यावर फिरायचे, घाण पाहायची आणि तेथेच निकाल द्यायचा, असा दंडक घातला. रात्री रस्ते झाडले जाऊ लागले. घाण करणाऱ्या उपाहारगृहांना दंड झाला, त्यात मोठ्यांची गय झाली नाही. दोनेक वर्षांत तेच सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. माणसे तीच होती, झाडूवालेही तेच.

सुरत मोठे शहर, असे म्हणाल. तर कोकणातले वेंगुर्ले पाहा. लहानसे गाव, लहानशी नगरपरिषद. २०१५ पासून तेथे मुख्याधिकारी रामदास कोकरे आणि सफाई कामगार यांनी कचरा वेगळा घ्यायला सुरुवात केली. डेपोवर त्याचे पुन्हा वीसहून अधिक प्रकार निवडू लागले. ओल्याचे खत आणि गॅस झाला. पातळ प्लास्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यांत गेले. जेथे नाक धरून जावे लागे, तेथे बाग झाली आणि लोक सहलीला येऊ लागले. पाचगणीनेही आपल्या कचऱ्याच्या जागेचा 'स्वच्छ भारत पॉइंट' केला आहे.

याच्या उलटही घडते. आपल्या वेशीतला ढीग उचलायचा आणि दुसऱ्याच्या वेशीत नेऊन ओतायचा. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत पडत राहिला. तेथील विहिरींचे पाणी बिघडले. २०१७ साली डेपोला आग लागली, तेव्हा गावकऱ्यांनी कित्येक दिवस कचऱ्याच्या गाड्या अडवून धरल्या. शहरात ढीग साचले, तेव्हा कोठे शहराला त्या गावांची आठवण झाली. मुंबईतही देवनारची कचराभूमी १९२७ पासून आहे. जानेवारी २०१६ मध्ये ती पेटली, आणि धुरामुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

त्याच पुण्यात एक चांगली गोष्टही झाली. कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही आपली संघटना उभी केली. पुढे त्यांची 'स्वच्छ' नावाची सहकारी संस्था झाली आणि महापालिकेशी करार होऊन त्या घरोघरचा कचरा नेऊ लागल्या. घराकडून त्यांना महिन्याचे पैसे मिळतात, आणि सुका विकून वर मिळतात ते त्यांचेच. गावात भंगार वेचणारी माणसे असतील, तर घंटागाडीचे काम आधी त्यांना विचारावे. कोणता पत्रा, कोणते प्लास्टिक विकले जाते, हे त्यांच्याइतके कोणाला कळत नाही. मात्र त्यांना हातमोजे आणि बूट द्यावेत. डायपर आणि फुटकी काच आपण वेगळ्या कागदात गुंडाळून द्यावी. ती दुसऱ्या कोणाच्या तरी हाताला लागते.

आता तुम्ही लिहायला शिकला आहात. ग्रामसभेत बोललेले विरून जाते. लिहून दिलेले राहते. म्हणून अर्ज कसा करावा, ते पाहा.

प्रति,
मा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत (गावाचे नाव)

विषय: ओढ्याच्या पुलाजवळील कचरा उचलण्याबाबत

महोदय,
आमच्या वस्तीजवळ ओढ्याच्या पुलाखाली कचऱ्याचा ढीग झाला आहे. त्याचे पाणी विहिरीकडे झिरपते. ढिगाची लांबी सुमारे वीस पावले आहे. आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी येत नाही. तरी (१) गल्लीत रोज सकाळी सातच्या आत गाडी पाठवावी, (२) ढीग पूर्ण उचलावा, (३) पुलावर दिवा लावावा, आणि (४) विहिरीच्या पाण्याची तपासणी करावी, ही विनंती. हा विषय येत्या ग्रामसभेपुढे ठेवावा.

आपले,
(सह्या किंवा अंगठे, नावे, तारीख)

अर्जात कोणाला शिव्या देऊ नयेत. जागा, माप आणि मागणी नीट लिहावी. मोबाइलवर फोटो काढून जोडला तर फार उत्तम. एकट्याच्या सहीपेक्षा दहा घरांच्या सह्या बऱ्या. ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा व्हावी लागते आणि तिच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. हा अर्ज महिलांच्या सभेतच आधी वाचून दाखवावा.

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक कचेरीत द्यावी. दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून घ्यावा. तिला पोच म्हणतात. कारकून म्हणेल, "ठेवून जा, बघतो नंतर." तरी पोच घेतल्याशिवाय उठू नये. उत्तर आले नाही, तर तोच आवक क्रमांक लिहून दुसरा अर्ज पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांना द्यावा. नगरपालिका असेल तर मुख्याधिकाऱ्यांना, आणि त्यांच्यावर जिल्हाधिकाऱ्यांना. सफाईवर वर्षात किती खर्च झाला, हे विचारायचे असेल तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही लागत नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. ते उत्तर आले की पोचेसोबत जपून ठेवावे आणि पुढच्या ग्रामसभेला बरोबर न्यावे.